सासूबाईंची झिजलेली अन्नपूर्णा की ऑनलाइन आलेली ‘हस्तनिर्मित’? देवघरात कोण बसणार?

घोडबंदरकरीण

नमस्कार मंडळी. ठाण्यात चरईतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, त्यामुळे सध्या मुक्काम कासारवडवलीला. जुन्या घरात देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला भिंतीतला कोनाडा होता. इथे हॉलमध्ये काचेचं दार असलेलं एक कपाट आहे आणि त्यावरून घरात धुसफूस चालू आहे.

विषय अन्नपूर्णेचा. सासूबाईंनी लग्नात माहेरून आणलेली पितळी अन्नपूर्णा जेमतेम अंगठ्याएवढी. नाकडोळे पार गेलेत, हातातली पळी म्हणजे नुसता उंचवटा राहिलाय. माझी चांदीची तिच्याच शेजारी वाटीतल्या तांदळात बसते, त्याबद्दल कधी कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आता नवऱ्याने हौसेने ऑनलाइन तिसरी मागवली आहे. नऊ इंच उंच, वजन ३ किलो ४०० ग्रॅम, सोन्यासारखी झळझळीत. सोबत कार्ड: ‘हस्तनिर्मित, भरीव, शुद्ध पितळ’. त्याचं म्हणणं, चेहरा नसलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, जुनीचं विसर्जन करून टाकू. सासूबाई म्हणतात, “तुझी ती शोकेसमध्ये ठेव. तिला रोज न्हाऊ कोण घालणार, मी की जेसीबी?”

हस्तनिर्मित म्हणजे नक्की काय असतं, आणि घरच्या पूजेत त्याने काही फरक पडतो का? शिवाय तीन अन्नपूर्णा एका देवघरात चालतात का? जाणकारांनी सांगावं. नवरासुद्धा हा धागा वाचणार आहे, तेव्हा जरा जपून.

खाडीपलीकडची

आमच्या कळव्याच्या घरी सासूबाईंची, मोठ्या जावेची आणि माझी अशा तीन आहेत. आजवर अन्नाला काही कमी पडलेलं नाही. तिघींना एकाच पसरट वाटीत बसवतो. दर शुक्रवारी खालचे तांदूळ बदलायचे आणि काढलेले भातात घालायचे, एवढाच नेम. ज्याच्या त्याच्या घरचा कुळाचार.

शंकेखोर

खंडित मूर्ती घरात ठेवू नये हे लहान मुलालाही माहीत आहे. साकेतच्या पुलावरून खाडीत सोडा आणि मोकळे व्हा. नवी आहे ना, मग कशाला एवढा खल?

वागळेवाला

वागळे इस्टेटला फाउंड्रीत जन्म गेला माझा. देवांच्या मूर्ती नाही, व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि पंपांचे इंपेलर ओतले. पण धातू तोच आणि भट्टीही तीच, म्हणून चार शब्द लिहितो.

आधी ‘हस्तनिर्मित’चं. आपल्या बाजारातल्या पितळी मूर्तींपैकी बराचसा माल अलीगढ-मुरादाबादकडचा. तिथे मुख्यतः रेतीत ओततात. एक मूळ पॅटर्न असतो, तो पेटीत ठेवून भोवती रेती ठोकायची, पॅटर्न काढला की पोकळी राहते, तीत रस ओतायचा. त्याच पॅटर्नवर शेकडो नग निघतात. पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांना वितळतं आणि त्यातलं जस्त ९०७ला उकळतं. म्हणजे मूस (धातू वितळवायचं भांडं) भट्टीत असतानाच जस्त पांढरा धूर होऊन उडायला लागतं. ते किती उडालं हे धुरावरून ओळखून शेवटी वरून जस्त टाकणारा जो माणूस असतो, त्याचा अंदाज चुकला की सगळा घाण लालसर तरी निघतो नाहीतर भोकाभोकांचा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आम्ही सगळ्यांनी भोगलाय.

पेटीतून निघालेली मूर्ती ओबडधोबड असते. अंगावर जोडाची रेघ, तळाला ओतनळीचा तुकडा. मग कानस, छिन्नी, खोदकाम, बफिंग. डोळे, दागिन्यांचे मणी, साडीची किनार हे सगळं या टप्प्यावर एक माणूस छिन्नीने काढतो. तेवढा भाग खरोखर हाताचा. पडताळा हवा असेल तर जांभळी नाक्याला एकाच साच्यातल्या दोन मूर्ती शेजारी ठेवायला सांगा आणि फक्त डोळे बघा. एकीचा डावा डोळा किंचित वर असेल. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर नक्षी साच्यातूनच आलेली आहे, वरून फक्त पॉलिश.

याहून वेगळं काम तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामीमलईला चालतं. तिथे आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचं लेपण, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या जागी धातू. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावा लागतो, त्यामुळे त्या साच्यातून दुसरी निघत नाही. ही रीत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’मध्ये ती लिहून ठेवली आहे. कार्डावर नुसतं ‘हस्तनिर्मित’ लिहिलेलं असेल तर यातली कुठली रीत, हे विक्रेत्याला विचारा. मेणाची असेल तर तो मोठ्या अक्षरात लिहिल्याशिवाय राहायचा नाही.

आता घरच्या पूजेचं. माझ्या मते इथे जेसीबीवाल्या सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. घरातला देव रोज उचलायचा असतो. ताम्हनात घ्यायचा, पाणी घालायचं, पंचामृत असेल तर ते, पुन्हा पाणी, मग पुसायचा आणि गंध लावून जागेवर. हे सगळं एका तळव्यात मावलं पाहिजे. साडेतीन किलोची मूर्ती माणूस पहिले आठ दिवस उचलतो, मग ‘आज नुसतं फूल वाहू’ सुरू होतं. शिवाय या झळझळीत मूर्तींवर बहुतेक वेळा लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेलं असतं. दही-लिंबू लागलं की ते पापुद्र्यांनी सुटतं आणि मूर्तीला कोड फुटल्यासारखे डाग पडतात. खोल नक्षीच्या खाचांत दह्याचा अंश राहिला की तिथे हिरवं चढतं. जुन्या ओताऱ्यांनी घरातले देव बुटके, गोलसर, बैठ्या तळाचे का केले, ते हाताळून बघा. त्यात पाणी अडकायला जागाच नाही.

आणि एक, ज्याच्यावर लोक माझ्यावर चिडतात. मूर्ती झिजली की आपण डोळे भरून म्हणतो, किती पिढ्यांची सेवा! सेवेने नाही झिजत हो. पाण्याने आणि बोटांनी पितळ इतकं जात नाही. ते जातं राख, विटेचा चुरा, रांगोळी आणि हल्ली हिरव्या घासणीने. मी घरी एवढंच करतो: चिंच कोमट पाण्यात कोळायची, मऊ फडक्याने हलकेच फिरवायची, लगेच भरपूर पाण्याने धुवायची आणि कोरडं करायचं. चिंचेत भिजत टाकून फोनवर बोलत बसलात तर पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर डाग राहतात. चेहऱ्यावर पावडर नकोच. पीतांबरी आपल्या ठाण्याचीच आहे, मला तिचा अभिमान आहे, पण ती ताम्हन-समईला, देवीच्या नाकाला नाही.

नवी मूर्ती भरीव आहे का ते घरबसल्या कळेल. बॅगा तोलायचा लटकता काटा असेल ना? आधी हवेत तोला. मग बादलीत पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, म्हणजे ३.४० किलोची मूर्ती पाण्यात साधारण ४०० ग्रॅमने हलकी होऊन ३ किलोच्या आसपास भरली पाहिजे. तळ उघडा असेल तर आतली हवा बाहेर जाऊ द्या, बुडबुडे थांबले की मगच आकडा वाचा. लोहचुंबकही लावून बघा, चिकटला तर विषयच संपला.

नौपाड्याचे भटजी

वागळेवाल्यांनी धातूचं सांगितलं, मी शास्त्राचं थोडक्यात सांगतो. मत्स्यपुराणात घरातल्या प्रतिमेचं माप अंगठ्याच्या पेरापासून वीतभर, त्याहून मोठी घरात प्रशस्त नाही, असं दिलं आहे. नऊ इंच म्हणजे वीतच, काठावर पास.

खंडित म्हणजे हात, पाय, शिर असा अवयव तुटलेली. झिजलेली ती जीर्ण. ओळख पटते आणि मूर्ती अभंग आहे तोवर मी यजमानांना ती काढायला सांगत नाही. काढायचीच झाली तर उत्तरपूजा करून अक्षता वाहायच्या आणि धातू ओताऱ्याकडे देऊन त्याचीच नवी करून घ्यायची. पितळ खाडीत टाकून कोणाचंही भलं होत नाही, शंकेखोर.

संख्येबद्दल वचन आहे: घरात दोन शिवलिंगं, दोन शंख, तीन गणपती आणि तीन देवी पुजू नयेत. ते काटेकोर धरलं तर तुमच्या दोन अन्नपूर्णांना हरकत नाही, तिसरीला आहे. कळव्याच्या ताईंनी घाबरू नये, कुळाचार वचनाच्या पुढे चालतो. नवी मूर्ती हौसेने आणली आहे तर नवरात्रात चौरंगावर मांडा. अभिषेक लहान मूर्तीवर, आणि मोठीला फुलाने पाणी शिंपडायचं, जसं आपण भाद्रपदात मातीच्या गणपतीला करतो.

शंकेखोर

बरं, खाडी मागे घेतो. पण मग ते पंचामृत तीर्थ म्हणून प्यायचं की नाही? पितळेत दही कळकतं ना?

वागळेवाला

कळकतं. मूर्तीवर घालून लगेच चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढलं तर हरकत नाही, तासभर तिथेच ठेवून मग पिऊ नका. भंगारातून ओतलेल्या पितळेत शिसंही असतं, मशीनवर कापायच्या पितळेत तर मुद्दाम दोन-तीन टक्के घालतात. नव्या, ठावठिकाणा माहीत नसलेल्या मूर्तीवरचं पंचामृत मी झाडाला घालीन. तीर्थाला नुसत्या पाण्याचा अभिषेक पुरे.

घोडबंदरकरीण

सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याने स्वतःच बादली भरली. हवेत ३.४०, पाण्यात २.८५. तीनदा तोललं, तेच. चुंबक चिकटत नाही. तळाला हिरवी मखमल चिकटवलेली आहे, तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. सासूबाई शेजारी बसून चिंच कोळत होत्या आणि अजिबात हसत नव्हत्या.

वागळेवाला

५५० ग्रॅमचा फरक. ३.४० भागिले ०.५५, म्हणजे पाण्याच्या सव्वासहा पटीपेक्षाही थोडं कमी. निव्वळ जस्तसुद्धा सात भरतं, तेव्हा ही भरीव पितळ असूच शकत नाही. आत पोकळी आहे किंवा लाख-माती भरून वरून पत्रा मारलाय. मखमलीचा एक कोपरा ओल्या फडक्याने सोडवा, झाळलेला पत्रा दिसेल. फोटो काढा, काट्याचे दोन्ही आकडेही फोटोत येऊ द्या, आणि परत घ्यायची मुदत संपायच्या आत ‘भरीव’ या शब्दावर बोट ठेवून तक्रार टाका. ‘हस्तनिर्मित’वर वाद घालू नका, तिथे ते सुटतील.