मदत हवी आहे : आई-बाबांसह केनेट-एव्हन कालव्यावर एक दिवसाची नॅरोबोट

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मे महिन्यात आई-बाबा नाशिकहून येत आहेत आणि त्यांच्यासह केनेट-एव्हन कालव्यावर एका दिवसासाठी नॅरोबोट (कालव्यातली लांबट, अरुंद नाव) भाड्याने घ्यावी, असा विचार आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे कालवा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. मात्र शेतीला पाणी देण्यासाठी नव्हे, तर मालवाहतुकीसाठी खोदलेला कालवा त्यांनी कधी पाहिलेला नाही. हा जलमार्ग १८१० मध्ये पूर्ण झाला आणि जॉन रेनी हे त्याचे अभियंता होते, एवढे त्यांनी आधीच वाचून ठेवले आहे आणि फोनवर माझी परीक्षाही घेऊन झाली आहे.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून सकाळी निघावे, अ‍ॅव्हनक्लिफचा जलसेतू (कालवा नदीवरून नेणारा पूल) ओलांडून डंडासच्या जलसेतूपर्यंत जावे, नावेतच डबा खावा आणि संध्याकाळी परतावे, असा बेत आहे. एका बाजूचे अंतर सुमारे ५ मैल आहे. वेगमर्यादा ताशी ४ मैल असल्याने कागदावर हे सव्वा तासाचे काम दिसते, पण काठाला बांधलेल्या नावांजवळून अगदी संथ जावे लागते असे कळले. मग जाऊन-येऊन किती वेळ धरावा?

दुसरी शंका सुकाणूची. मी आणि यजमान दोघांनीही मोटारीखेरीज काही चालवलेले नाही, आणि टिलर (सुकाणूचा दांडा) उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते, हे डोक्यात बसले तरी ऐन वळणावर हाताला आठवेल का, याची खात्री वाटत नाही. शिवाय आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे नावेत चढ-उतार कितपत कठीण जाईल? शेवटचे म्हणजे, ब्रॅडफर्डपासून बाथपर्यंत एकही लॉक (नावेला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारा, दारे असलेला हौद) नाही, याचा मला आनंद झाला आणि बाबांचा मात्र विरस झाला. यावर काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १ :
एका बाजूला अडीच तास धरा आणि नाव वळवायला व चहाला वेगळा वेळ ठेवा. नाव कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब असू शकते, म्हणून ती फक्त मुद्दाम रुंद केलेल्या जागीच वळवता येते. अशी जागा नेमकी कोठे आहे, हे नाव ताब्यात घेतानाच नकाशावर खूण करून घ्या. रस्त्यावर आपण डावीकडून जातो, येथे मात्र समोरून नाव आली की उजवीकडे सरकायचे. नावेला ब्रेक नसतो, थांबण्यासाठी इंजिन उलटे फिरवावे लागते. आणि नावेचा पाण्याखालचा पंखा फिरत नसेल तर सुकाणू जवळजवळ निरुपयोगी ठरते, म्हणून घाबरून इंजिन न्यूट्रलमध्ये टाकू नका. अ‍ॅव्हनक्लिफच्या जलसेतूच्या दोन्ही टोकांना काटकोनी वळण आहे, तेथे भोंगा वाजवून, समोरून कोणी येत नाही हे पाहूनच शिरावे.

प्रतिसाद २ :
आईंना नाव दोरांनी पक्की बांधलेली असतानाच चढवा आणि पुढच्या मोकळ्या जागेत बसवा. नाव आणि काठ यांच्यामध्ये हात-पाय घालून ती अडवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. पंधरा-वीस टनांची नाव माणसाला जुमानत नाही. बाबांसाठी तोडगा सोपा आहे. ब्रॅडफर्डचे लॉक गावातच आहे; निघण्यापूर्वी अर्धा तास तेथे थांबलात तर झडपा उघडून पाणी कसे भरतात, हे काठावरून पाहता येईल, आणि नाव नेणाऱ्यांना विचारून दारे ढकलायला हातभारही लावता येईल. दुसरा दिवस मोकळा असेल तर डिव्हायझेसजवळचे केन हिल दाखवा. त्या चढणीवर एकूण २९ लॉक असून त्यांतील १६ सरळ रांगेत आहेत.

मूळ प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. नाव सकाळी नऊची घेते आणि परतताना केन हिल ठेवते. ‘१६ लॉकना लागणारे पाणी वर कसे आणतात?’ असा बाबांचा पुढचा प्रश्न आलाच आहे. उत्तर माहीत असल्यास येथेच लिहावे.

प्रतिसाद २ :
खाली उतरलेले पाणी पंपाने पुन्हा माथ्यावर चढवतात. प्रत्येक लॉकच्या बाजूला पाणी साठवण्यासाठी लांबट तळी आहेत, तीही बाबांना दाखवा.