'इनेट इम्युनिटी'ला मराठीत काय म्हणायचं? जन्मजात, उपजत की अंगची?

रंकाळाकाठ: मदत पाहिजे. मामांचं ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटरवर होते आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया निघाला, आता बरे आहेत, घरी आलेत. आईसाठी सगळं मराठीत लिहून काढतोय तर एका ठिकाणी 'रुग्णालय-उपार्जित न्यूमोनिया' असं छापलेलं. आई म्हणते, उपार्जित म्हंजे मामानं कमावला काय? आणि इनेट इम्युनिटीला, म्हणजे जन्मापासनं अंगात असलेल्या रोगप्रतिकारशक्तीला, कुणी जन्मजात म्हणतंय कुणी उपजत, नक्की काय?

तालमीतला: आईंचं बरोबर आहे. उपार्जित इस्टेट असते, रोग लागतो. 'हॉस्पिटलात लागलेला न्यूमोनिया' म्हणा, विषय संपला (भरती होऊन 48 तास उलटल्यावर झाला तरच हां, आधीचा घरनं आणलेला धरतात). इम्युनिटीत मात्र उपार्जित चालतंय, कारण ती खरंच कमावलेली असते, लस घेऊन नायतर आजार काढून. गंमत म्हणजे इनेट ती खरी वडिलोपार्जित आणि त्या शब्दात पण 'उपार्जित' आहेच की! तालमीत सरळ बोलतात, अंगची ताकद आणि कमावलेली ताकद. माझं मत 'अंगची'.

पेठेतली नर्स: जन्मजात नकोच, वॉर्डात जन्मजात म्हटलं की पुढं 'व्यंग' येतं आणि नातेवाईक घाबरतात. पण ही शक्ती 'जंतू ओळखते' असं लिहिणार असाल तर ते पण जपून लिहा. फुप्फुसाच्या वायुकोशात मॅक्रोफेज गस्तीला असतात, पुस्तकात महाभक्षी पेशी म्हणतात, त्यांना जंतूचं नाव-गाव काय माहीत नसतं. स्युडोमोनास असो नाहीतर क्लेब्सिएला, दोघांच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड असतं, ते टीएलआर-4 ला (पेशीवरचा ग्राही, म्हणजे खूण पकडणारा रिसेप्टर) लागलं की बोंब उठते. स्युडोमोनासला शेपूट पण असतं, त्यातलं फ्लॅजेलिन टीएलआर-5 ला कळतं, क्लेब्सिएलाला शेपूटच नाही त्यामुळं तिथं ही खूण मिळत नाही. मग रक्तातनं न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, सक्शनला हिरवट बेडका येतो ना, त्यातला हिरवा रंग त्यांच्या एंझाइमचा पण असतो. म्हणून मी 'चाहूल लागणे' म्हणेन. आणि नळी घातलेल्या पेशंटला नीट खोकता येत नाही, जंतू नळीच्या कडेनं खाली झिरपतात, सगळा भार मग ह्या चाहुलीवरच.

रंकाळाकाठ: टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर ना? कोल्हापुरात 'टोल ग्राही' लिहिलं तर परत मोर्चा निघंल 😄

तालमीतला: तो टोल नव्हं भावा! हा जर्मन 'टोल', म्हणजे भन्नाट. फळमाशीची विचित्र अळी बघून शास्त्रज्ञ ख्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड तसं ओरडल्या म्हणे, तेच नाव जीनला चिकटलं. पुढं तोच टोल माशीला बुरशीपासनं वाचवतोय हे 1996 ला कळलं, उंदरातला टीएलआर-4 1998 ला, आणि 2011 ला ह्या दोन शोधांसाठी हॉफमन आणि ब्यूटलर यांना नोबेल. कोल्हापुरी भाषांतर एकच, 'नाद खुळा ग्राही'.

पेठेतली नर्स: हे आईंना लिहून देऊ नका 🙏

रंकाळाकाठ: वाचून दाखवलं. 'अंगची', 'लागलेला' आणि 'चाहूल' पास. 'महाभक्षी' ऐकून म्हणाली, हे तर तुझ्या मामाचंच नाव.