तिसऱ्या मजल्यावरच्या लेकीचे नाव

सदनिका ३०२ (बाळाची आई):
सर्वांना नमस्कार. आमच्या मुलीचे बारसे येत्या रविवारी योजले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. मात्र नाव अद्याप ठरलेले नाही. नांदेडच्या माहेराने आणि बीडच्या सासरने मिळून एवढी नावे सुचवली आहेत की, त्यांतून निवड करणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. इंटरनेटवरील याद्याही पाहिल्या. तिथे नाव असते, त्याचा अर्थ असतो, पण ते नाव कुणी, कुणासाठी आणि का ठेवले हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून विनंती करते की, प्रत्येकाने आपल्या आवडीचे मुलीचे एकच नाव सांगावे आणि ते आवडण्यामागचे स्वतःचे कारणही लिहावे. राशीच्या अक्षराची अट आम्ही ठेवलेली नाही. नावरस नाव गुरुजी वेगळे काढून देणार आहेत.

सदनिका १०१ (निवृत्त मुख्याध्यापक):
सूनबाई, माझ्या मते गोदावरी. माझी आत्या पैठणची होती. एकनाथ महाराजांच्या मुलींची नावे गोदा आणि गंगा होती, आणि कवी मुक्तेश्वर हे महाराजांच्या मुलीचेच पुत्र, हे ती आल्यागेल्याला अशा थाटात सांगत असे की, जणू ते सगळे तिच्याच वाड्यात घडले होते. आम्ही लहानपणी तिला हसत असू. पुढे नोकरीत हजेरीपट भरता भरता माझ्या लक्षात आले की, मी रुजू झालो तेव्हा वरच्या वर्गांत गोदावरी, गयाबाई, कौसाबाई अशी नावे तुरळक का होईना, पण होती. मग सुनीता, अनिता, संगीता यांची लाट आली, त्यानंतर एकाच वर्गात इतक्या अश्विनी असत की, त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून हाक मारावी लागे, आणि मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तुकडीत आराध्या आणि अन्वी दिसू लागल्या होत्या. गोदावरी मात्र कायमची गेली. नदी आपल्या उशाशी वाहते आणि तिच्या नावाची एकही मुलगी पटावर नाही, याची मला खंत वाटते.

सदनिका ४०३:
सर, हजेरीपटाचे निरीक्षण अगदी खरे आहे. माझी निवड जना. माझे आजोळ परभणी जिल्ह्यातील गंगाखेडचे, म्हणजे संत जनाबाईंच्या जन्मगावचे. माझी आजी जात्यावर बसली की, पहिली ओवी जनाबाईची म्हणत असे आणि त्यानंतरच दाण्यांचा पहिला घास जात्यात घालत असे. मुलगी झाली तर तिला जना म्हणायचे, असे मी तेव्हाच ठरवले होते. परंतु मला दोन्ही मुलगेच झाले, म्हणून हे नाव अजून माझ्याजवळ तसेच पडून आहे.

सदनिका ४०१:
ताई, क्षमा करा. पण जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवून घेत असत. आजच्या मुलीवर असे दास्याचे नाव लादावे का, याचाही विचार व्हावा.

सदनिका ४०३:
दादा, ज्या बाईने दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करता करता रचना केली आणि जिच्या नावावर आज तीनशेहून अधिक अभंग आहेत, तिच्या नावात मला दास्य दिसत नाही. ती ज्या घरात राबली त्या घरातील किती जणांची नावे आपल्याला पाठ आहेत, ते आपणच सांगावे.

सदनिका २०४:
अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार. मी जे नाव सांगणार आहे ते आपण ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु कारण विचारले आहे म्हणून लिहिते. माझे आवडते नाव राबिया. आपल्या शहरात आलेला प्रत्येक पाहुणा बीबी का मकबरा पाहतो, पण त्या ‘बीबी’चे नाव विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. ती औरंगजेबाची बेगम दिलरस बानू. १६५७ मध्ये तिचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तिला ‘राबिया-उद-दौरानी’ ही पदवी मिळाली. लहानपणी अब्बा आम्हाला मकबऱ्यात नेत असत आणि दरवाजापाशी थांबवून तिचे पूर्ण नाव आमच्याकडून म्हणवून घेत असत. नाव चुकले तर पुन्हा म्हणायला लावत. आमच्याकडे सातव्या दिवशी अकीक्याच्या वेळी नाव ठेवतात, आणि माझ्या थोरल्या मुलीच्या अकीक्याला हे नाव अब्बांनीच उच्चारले. सुट्टीत ती हैदराबादहून आली की, आपल्या बाळाला पाहायला नक्की येईल.

सदनिका ३०२ (बाळाची आई):
आपा, हे कारण फार आवडले. मी या शहरात इतकी वर्षे राहते, पण ‘बीबी’च्या पुढचे नाव मलाही सांगता आले नसते.

सदनिका ६०२:
आमचे मूळ गाव लातूर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. त्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीला दिवस गेलेले होते आणि घरात पिण्याचे पाणी मोजून वापरले जात होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले आणि आमच्या घरी मुलगी आली. मी हट्टाने तिचे नाव मांजरा ठेवायला निघालो होतो. पत्नीने एकाच वाक्यात विषय संपवला की, शाळेतली मुले शेवटचा काना खाऊन टाकतील आणि आपल्या लेकीला जन्मभर मांजर म्हणतील. शेवटी सरिता ठेवले. हे नाव जुने झाले अशी टीका नातेवाइकांनी केली, पण मुलीला ते आवडते. नदीचे नाव ठेवायचे असल्यास ते आधी वर्गातल्या मुलांच्या तोंडी घालून पाहावे, एवढाच माझा अनुभवाचा सल्ला आहे. तेरणा, पूर्णा, दुधना ही नावे मात्र या परीक्षेत उतरतील असे वाटते.

सदनिका ३०४:
नदीचाच विषय निघाला आहे तर माझी निवड गौतमी. माझे वडील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये आपल्या शहरात सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. आम्हा बहिणींची नावे त्यांनी बौद्ध परंपरेतून निवडली आणि त्यांपैकी गौतमी माझ्या वाट्याला आले. ज्यांच्यासाठी भिक्षुणी संघाची वाट खुली झाली त्या महाप्रजापती गौतमी, म्हणून त्यांनी ते निवडले. गोदावरीलाही गौतमी म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्यानंतर आणखी एक गौतमी भेटली ती नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात, ती म्हणजे गौतमी बलश्री. पैठण ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांपैकी सर्वांत नावाजलेला राजा स्वतःला गौतमीपुत्र म्हणवून घेत असे, म्हणजे त्याची ओळख आईच्या नावाने होती. माझ्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने वहीवर स्वतःचे नाव त्याच पद्धतीने लिहून टाकले. महाविद्यालयात मात्र मला नाव सांगितल्यानंतर लगेच आडनाव विचारणारे लोक अधिक भेटले आणि त्यांना नेमके काय जाणून घ्यायचे असते हे कळायला वेळ लागला नाही. म्हणून नाव असे असावे की, विचारणाऱ्याने नावापाशीच थोडे थांबावे.

सदनिका २०२ (महानगरपालिकेतून निवृत्त):
विषय निघालाच आहे तर नोंदणीची माहिती देऊन ठेवतो, कारण कार्यालयात असताना यासाठी लोकांच्या खेपा पडताना मी पाहिल्या आहेत. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते; परंतु त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांचा मुख्य पुरावा धरला जातो, म्हणून त्यावरील प्रत्येक अक्षर तपासून घ्यावे. तसेच १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक आहे. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवावे आणि ते कुटुंबात सर्वांनी लिहून ठेवावे. एका ठिकाणी ‘ए’ एक आणि दुसऱ्या ठिकाणी दोन, एवढ्यावरून माणसाला शपथपत्रे करीत फिरावे लागते. गौतमीताई, आपल्या मुलाची वही शासनाच्या बरीच पुढे आहे, असे दिसते.

सदनिका ५०१ (आजी, मजकूर नातवाने लिहून दिला आहे):
शपथपत्राचे मी सांगते. माझे माहेरचे नाव प्रयाग. बदनापूरकडे त्या काळी बायकांची नावे तीर्थांवरून ठेवीत. आमच्याच वाडीत काशी होती, मथुरा होती, द्वारका होती, गया तर घरटी एक असे. माझ्या वडिलांना प्रयागला जायचे होते, पण शेती आणि कर्ज सोडून त्यांना कधी जाता आले नाही. ते म्हणत, मी दिवसातून दहा वेळा प्रयागचे नाव घेतो, मला तिकडे जायची गरज काय. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरले आणि सासरच्या माणसाने अंगठीने त्यात सुमन असे लिहिले. मला कुणी विचारले नाही आणि विचारायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. सुमन नाव वाईट नाही. त्या नावाने माझा संसार झाला, मुले झाली, ह्यांनी त्याच नावाने हाक मारली. परंतु वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लावताना तलाठ्याने सांगितले की, वडिलांच्या वारसांत प्रयाग आहे आणि तुमच्या आधार कार्डावर सुमन आहे, तेव्हा या दोघी एकच आहेत हे सिद्ध करा. ज्या नावाने माझ्या आईने मला जेवायला हाका मारल्या ते नाव माझेच आहे, यासाठी मला स्टॅम्प पेपर विकत घ्यावा लागला. भावांनी मदत केली, हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ जणींच्या भावांना त्या दोन नावांची सोयच होते. तेव्हा माझे आवडते नाव प्रयाग. आता मला त्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नाही.

सदनिका ४०१:
आजी, आपला मजकूर घरात सर्वांना वाचून दाखवला. माझ्या पत्नीचेही नाव लग्नात बदललेले आहे, आणि तिला जुने नाव अधिक आवडते हे मला आज, तेही आपला मजकूर वाचून झाल्यावर, कळले.

सदनिका ३०२ (बाळाचे वडील):
सर्वांचे वाचत होतो, म्हणून मीही लिहितो. माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीचे नाव नकोसा होते. पाठोपाठ मुली झाल्या म्हणून शेवटच्या मुलीला हे नाव, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये प्रशासनाने अशा नावाच्या २८० हून अधिक मुलींची नावे समारंभ करून बदलली. आमच्या आत्याच्या वाट्याला तसे काही आले नाही. गावात तिला सगळे बाई म्हणत, कारण नावाने हाक मारायला बोलणाऱ्यालाच जड जात असावे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, आणि हा आकडा राज्यात सर्वांत कमी होता. तो वाचला तेव्हा मला आमची आत्याच आठवली. म्हणून मला मुलीचे नाव ईप्सिता, म्हणजे जिची इच्छा धरली होती अशी, ठेवावेसे वाटते.

सदनिका १०१ (निवृत्त मुख्याध्यापक):
भावना शंभर टक्के मान्य. पण हे नाव तुमच्या मातोश्रींच्या तोंडून एकदा ऐकून घ्या. शिवाय अशा नावांचा खुलासा मुलीला जन्मभर करीत बसावे लागते, आणि प्रत्येक खुलाशाच्या वेळी मुली कुणाला तरी नको होत्या याचीच आठवण निघते.

सदनिका ३०२ (बाळाचे वडील):
सर, आईला विचारले. ती ‘इपशिता’ म्हणते आणि दुसऱ्यांदा म्हणायचे टाळते. आपला दुसरा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. हे नाव मी मागे घेतो.

सदनिका ५०१ (आजी):
माझे नाव ठेवावे असा आग्रह मुळीच नाही. बाळाच्या दोन्ही आज्यांना आधी विचारा. त्यांचा मान पहिला.

सदनिका ३०२ (बाळाची आई):
आजी, दोघींनाही विचारले. माझ्या आईला गोदावरी हवे आहे, कारण नांदेडच्या घाटावर तिचे बालपण गेले. सासूबाईंना आपले प्रयाग इतके आवडले की, सकाळपासून त्या बाळाला त्याच नावाने जोजवत आहेत. आपल्या नातवाने लिहून दिलेला मजकूर त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग स्वतःचे माहेरचे नाव सांगितले, जे माझ्या यजमानांनाही माहीत नव्हते. ते त्यांनी इथे लिहू नये असे सांगितले आहे. गौतमी हे नाव मला आणि यजमानांना दोघांनाही पटले आहे, त्यामुळे आता तीन नावे उरली आहेत आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे हाताशी बारा महिने आहेत. रविवारी नणंदबाई बाळाच्या कानात तिन्ही नावे सांगतील. वर्षभरात घरात आणि जिन्यात तिला ज्या नावाने जास्त हाका मारल्या जातील तेच दाखल्यावर घालू, आणि त्याच्या पुढे क्रमाप्रमाणे माझे नाव येईल, तेही माहेरचेच, कारण मी ते बदललेले नाही. घुगऱ्या सर्व मजल्यांवर पोहोचवल्या जातील. राबियाताई सुट्टीत केव्हा येणार आहेत ते आपांनी कळवावे.