विषय: पिकनिकचं परमिट – आयसेलिन नक्की कुठल्या गावात आहे??

नमस्कार मंडळी,

पिकनिक समितीत नवीनच आलेय त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर आधीच सॉरी. यंदा रूझवेल्ट पार्कात पिकनिक करायची ठरलंय म्हणून मी परमिटचा फॉर्म भरून एडिसनच्या हापिसात दिला. त्यात म्युनिसिपालिटी असा रकाना होता, मी सरळ आयसेलिन लिहिलं. पत्रं त्याच नावाने येतात, मेट्रोपार्क स्टेशनचा पत्ता पण आयसेलिनच! फॉर्म परत आला, आयसेलिनला लाल पेनाने गोल करून. फोन केला तर बाई म्हणाल्या की आयसेलिन नावाची म्युनिसिपालिटीच नाही, आणि तुम्हाला हवंय ते पार्क आमचं नाही. इथे न्यू जर्सीत दोन वर्षं झाली राहतेय आणि आता कळतंय की मी राहते ते गावच नाही म्हणे. आणि एडिसनमधलं पार्क एडिसनचं नाही हे काय प्रकरण आहे? कोणी समजावेल का?

– समितीतली नवी मेंबर

---

अगं, यात तुझी काही चूक नाही, आम्हीही आलो तेव्हा असेच गडबडलो होतो.

पत्ता पोस्टाचा असतो आणि गाव सरकारचं, दोघांचा मेळ बसेलच असं नाही. आयसेलिन म्हणजे वुडब्रिज टाउनशिपचा (टाउनशिप ही इथली एक म्युनिसिपालिटीच) एक भाग, तसेच कलोनिया, फोर्ड्स, अ‍ॅव्हेनेल. तुझा महापौर वुडब्रिजचा, पोलीस वुडब्रिजचे. ओक ट्री रोडचं तर विचारूच नकोस, थोडा वुडब्रिजमध्ये थोडा एडिसनमध्ये, पाणीपुरी एका गावात खायची आणि चालत चालत पान दुसऱ्या गावात.

आता पार्क. रूझवेल्ट पार्क एडिसनच्या हद्दीत आहे पण मालकी मिडलसेक्स काउंटीची. तुमच्या वुडब्रिजमधलं मेरिल पार्क, आमच्या पिस्कॅटवेतलं नदीकाठचं जॉन्सन पार्क, ही पण काउंटीचीच. पापायानी पार्क मात्र एडिसन टाउनशिपचं. म्हणजे परमिट कुठे मागायचं ते पार्क कुठे आहे यावर नाही, पार्क कोणाचं आहे यावर ठरतं.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज, पण कलेक्टर शोधू नकोस, तो इथे नसतो. जिल्हा परिषदेसारखं सात जणांचं कमिशनर बोर्ड असतं, तीन वर्षांची मुदत, सगळे एकदम निवडून येत नाहीत, दरवर्षी दोन-तीन जागा. वॉर्डबिर्ड काही नाही, अख्खी काउंटी प्रत्येकाला मत देते. मग त्यांच्यातलाच एक डायरेक्टर होतो. काउंटीची राजधानी न्यू ब्रन्सविक. शेरीफही निवडून येतो पण सिनेमातला शेरीफ डोक्यातून काढ, आपल्याकडे त्याचं काम मुख्यतः कोर्टाचा बंदोबस्त, नोटिसा बजावणं आणि जप्तीतल्या घरांचे लिलाव. माझा भाचा टेक्सासला राहतो, त्याचं घर कुठल्याच शहरात नाही, नुसतं काउंटीत, तिथे चोरी झाली की शेरीफच येतो. न्यू जर्सीत तसं नाही, राज्यातली इंच न इंच जमीन 564 म्युनिसिपालिट्यांपैकी कुठल्यातरी एकीत आहेच. त्यातल्या 25 आपल्या काउंटीत.

त्यातही गमती आहेत. एडिसन म्हणजे मेदूवडा आणि मधलं भोक मेटाचन. पूर्वी हे सगळं रॅरिटन टाउनशिप होतं, 1900 साली मेटाचन फुटून वेगळं झालं, 1905 ला हायलंड पार्क, आणि उरलेल्यांनी 1954 मध्ये एडिसनसाहेबांचं नाव घेतलं, कारण त्यांची मेनलो पार्कची प्रयोगशाळा तिथलीच. तिकडे मन्रोच्या पोटात जेम्सबर्ग असंच. साउथ प्लेनफील्ड आपल्या काउंटीत, नुसतं प्लेनफील्ड युनियन काउंटीत आणि नॉर्थ प्लेनफील्ड सॉमरसेटमध्ये. न्यू, नॉर्थ, साउथ, ईस्ट चारही ब्रन्सविक आपल्याकडे, वेस्ट ब्रन्सविक शोधायला जाऊ नकोस, नाहीच आहे.

– पिस्कॅटवेचे काका

---

काका, एक राहिलं. बोर्डाला 2020 पर्यंत 'बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स' म्हणायचे, सासूबाईंना मत द्यायला घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी बॅलट बघून विचारलं हे कोण गं, मला सांगता येईना. फ्रीहोल्डर म्हणजे ज्याची स्वतःची जमीन आहे तो, जुन्या काळी जमीनदार गोऱ्या पुरुषांनाच उभं राहता यायचं त्यातलं नाव. 2020 मध्ये कायदा झाला आणि 2021 पासून कमिशनर म्हणायला लागले.

आणि नव्या ताईंसाठी, काउंटी कुठे दिसते तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर. आत्ता समोर घेऊन बसलेय. बिल येतं टाउनशिपकडून, फेब्रुवारी-मे-ऑगस्ट-नोव्हेंबर असे चार हप्ते, पण आत ओळी वेगवेगळ्या. शाळेची ओळ सगळ्यात लठ्ठ, ती बघून यांचा चहा गार होतो दरवेळी. मग टाउनशिपची, मग काउंटीची, आणि त्याखाली बारीकशी काउंटी ओपन स्पेस, म्हणजे मोकळ्या जागा आणि पार्कं राखायला. तेव्हा पार्क हक्काने मागा!

आम्ही प्लेन्सबरोत राहतो पण पोस्टाचा पत्ता प्रिन्स्टनचा, आणि प्रिन्स्टन तर मर्सर काउंटीत. मुलाला मिडलसेक्स कॉलेजला घालताना तुम्ही कुठल्या काउंटीचे ते सिद्ध करा म्हणाले, कारण काउंटीतल्या मुलांना फी कमी. तेव्हा हेच बिल कामी आलं.

– प्लेन्सबरोची वहिनी

---

मंडळी, भूगोल छान झाला, पण दरवर्षी नदीच्या उत्तरेलाच पिकनिक का? रॅरिटन नदीने काउंटीचे दोन भाग केलेत आणि मंडळाला बहुतेक वरचाच माहीत आहे. टर्नपाइकच्या (टोलच्या महामार्गाच्या) 8ए पासून 12 पर्यंतच्या एक्झिट आपल्या काउंटीत येतात, आम्ही 8ए वाले. इकडे मन्रोत 55 वर्षांवरच्यांच्या वसाहती किती झाल्यात बघा, आमच्या क्लबहाउसात संध्याकाळी पत्ते कुटायला चार मराठी माणसं सहज जमतात. जनगणना मी काढून बघितली (निवृत्त माणसाला दुसरं काय काम), काउंटी 2000 मध्ये 7,50,162, 2010 मध्ये 8,09,858 आणि 2020 मध्ये 8,63,162. वीस वर्षांत लाखावर माणसं वाढली. लाखावर वस्तीची गावं दोनच, एडिसन 1,07,588 आणि वुडब्रिज 1,03,639, दोन्ही नदीपलीकडे, म्हणून तुमची दादागिरी. आणि हेल्मेटा अडीच हजाराच्या आसपास, त्यालाही वेगळी म्युनिसिपालिटी, वेगळा महापौर!

समुद्र पण आपल्याच बाजूला आहे बरं का, लॉरेन्स हार्बरला रॅरिटन बेवर काउंटीचं पार्क आहे, वारा मस्त. वुडब्रिजकडून नदी ओलांडून आमच्या बाजूच्या सेरव्हिलला येणारा ड्रिस्कॉल ब्रिज 15 लेनचा बांधलाय, तो फक्त आम्ही तुमच्याकडे यावं म्हणून नाही.

– मन्रोचे नाना

---

नाना, लॉरेन्स हार्बर पुढच्या वर्षी नक्की. यंदा आजी-आजोबांना झाडांची सावली पाहिजे म्हणून रूझवेल्टच.

नवा फॉर्म काउंटीच्या पार्क खात्याकडे दिलाय, म्युनिसिपालिटीच्या रकान्यात वुडब्रिज लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं. ज्यांना संध्याकाळी थांबायचंय त्यांनी घडीची खुर्ची आणा, तिथल्या ओपन थिएटरमध्ये उन्हाळ्यात नाटकं असतात, त्या दिवशी प्रयोग आहे का ते बघून कळवते.

काका, तुम्ही मागच्या वेळी मोठी कढई नेली होतीत ती कोणाकडे आहे? पाच जणांना विचारलं, पाचही जण नाही म्हणाले. मिसळीचा कट तिच्यातच मावतो.

– समितीतली (आता वुडब्रिजची) मेंबर

---

कढई माझ्या गॅरेजमध्ये आहे. झाकण मेटाचनला.

– पिस्कॅटवेचे काका