बाळाच्या खोलीची ओली भिंत आणि जुना रंग : मदत हवी आहे

मंडळी, लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय, ऑगस्टमध्ये. सदाशिव पेठेतलं आमचं घर 1984 सालचं. तिचीच जुनी खोली बाळासाठी लावायला काढलीय.

अडचण पश्चिमेच्या भिंतीची. दर पावसाळ्यात ओल येते, खिडकीखाली पोपडे सुटलेत. एक नखाने उचलला तर पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली जुना ऑइलपेंट निघाला. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून, म्हणजे हे थर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांत विषारी शिसं असू शकतं. रंगारी म्हणतो, पॉलिश पेपरने कोरडंच घासू. मला ते अजिबात पटत नाही; ती धूळ फटीफटीत बसते आणि रांगतं बाळ हात तोंडात घालणारच. पाणी मारून, ओलं ठेवून खरवडणारा भरवशाचा माणूस पुण्यात कुणाला माहीत आहे का? रंगाचा तुकडा कुठे तपासून मिळतो?

ओलीचं काम बाहेरून, पावसाआधी व्हायला हवं ना? आतून नुसती पुट्टी भरली तर ती फुगतेच, दोनदा अनुभव घेतलाय. वॉलपेपर नकोच, मागे बुरशी धरते. कोरड्या भिंतीवर फिकट पिवळा आणि लेकीच्या हातची वारली चित्रं, एवढंच मनात आहे.

शिवाय सासूबाईंचा सागवानी पाळणा आहे, पितळी कड्यांचा. स्लॅबमधला हूक चाळीस वर्षांचा. तो कुणाकडून तपासून घ्यावा?