जपानमध्ये स्वतःची कंपनी काढायचीय, व्हिसाचं गणित बसेना

निशिकासाईचा_बाळ्या:
नमस्कार मंडळी. मी ४ वर्षं तोक्योत आहे, एका आयटी कंपनीत, व्हिसा साधा इंजिनिअरचा. वय ३२, पुण्यातून बीई, भारत धरून एकूण अनुभव १० वर्षं, पगार वर्षाला ८२० मान (एक मान म्हणजे दहा हजार येन), जपानी भाषा परीक्षेची एन थ्री पास, एन टू ही त्याच्या वरची पातळी (बोलतो बरं, कांजी, म्हणजे ती चिनी अक्षरं, बघितली की घाम फुटतो).

तर विषय असा की मी आणि पुण्यातला माझा एक मित्र, आम्हाला स्वतःची छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढायचीय. इथल्या लहान कारखान्यांना स्टॉक आणि ऑर्डरचं काम अजून फॅक्सवर चालतं, तिथे वाव आहे, दोन गिऱ्हाईकं तोंडी हो म्हणालीत. दोन वर्षांपूर्वी चौकशी केली तेव्हा सगळे सांगायचे ५०० मान भांडवल दाखव, ऑफिस घे, बिझनेस मॅनेजर व्हिसा मिळतो. तेवढे मी पोटाला चिमटा काढून जमवले आणि आता कळतंय की ३००० मान लागतात! म्हणजे ३ कोटी येन, आपले पावणेदोन कोटी रुपयांच्या घरात. एवढे असते तर मी कंपनी कशाला काढली असती, कोकणात बाग घेऊन झोपलो असतो.

एक एजंट म्हणतो काळजी नको, आठवडाभर कोणाचे तरी पैसे खात्यात फिरवून आणू, दाखवू, परत देऊ. दुसरा म्हणतो बायकोच्या नावावर काढ (ती डिपेंडंट व्हिसावर आहे). मार्चमध्ये राजीनामा द्यायचा विचार पक्का होत आला होता, आता हात थरथरतोय. आणि मित्राला इकडे आणायचं तर त्याचं वर्क परमिट कसं होणार? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

ओसाकाकर:
राजीनामा देऊ नका!! आधी हे वाचा मग बाकीचं.

नोकरी सोडली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि सबळ कारण नसताना ३ महिने व्हिसातलं काम केलं नाही तर व्हिसा रद्द करता येतो त्यांना. लोक म्हणतात सोडून टाकू, निवांत कंपनी उभी करू, आणि मग झायर्यू कार्डावर (इथलं रहिवासी ओळखपत्र) ३ वर्षं शिल्लक दिसतात म्हणून गाफील राहतात. कार्डावरची तारीख म्हणजे सबकुछ नाही.

नियम १६ ऑक्टोबर २०२५ ला बदलला. पूर्वी ५०० मान किंवा दोन पूर्णवेळ माणसं, यातलं एक चालायचं. आता ३००० मान आणि शिवाय निदान एक पूर्णवेळ कर्मचारी, दोन्ही. तो कर्मचारी जपानी पाहिजे, नाहीतर परमनंट रेसिडेंट वगैरे, इंजिनिअर व्हिसावरचा तुमचा मित्र त्यात धरत नाहीत. वर अर्जदार नाहीतर एखाद्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याचं जपानी एन टू च्या तोडीचं हवं, अर्जदाराकडे मास्टर्स नाहीतर ३ वर्षं धंदा चालवल्याचा अनुभव हवा, बिझनेस प्लॅन सीए-टॅक्सवाल्या लायसनधारक तज्ज्ञाने तपासलेला हवा आणि घरातच ऑफिस थाटणं आता जवळपास बंद. तुम्ही बीई आहात, मॅनेजरचा अनुभव नाही, म्हणजे उद्या लॉटरी लागून ३००० मान हातात आले तरी तुम्ही त्या व्हिसात बसत नाही. हे एजंटने सांगितलं का तुम्हाला?

नगरपालिकांचा स्टार्टअप व्हिसा असतो, पण तो तयारीपुरता, शेवटी याच दारातून जावं लागतं.

करीवाला_चिबा:
एजंटच्या त्या फिरवाफिरवीला इथं मिसेगाने म्हणतात भाऊ, आणि तो खेळ इमिग्रेशनला तुमच्या आजोबांच्या काळापासून माहितीय. पैसा कुठून आला, पगारातून साठवला का गावची जमीन विकून आणला, सगळ्याचे कागद मागतात. एजंट फी घेऊन मोकळा होतो, नाव आपलं खराब होतं. मी स्वतः एकाला ३० मान देऊन बसलो होतो सुरुवातीला, शेवटी अर्ज नीट ग्योसेइशोशीकडून केला तेव्हा मार्ग लागला. कंपनीची नोंदणी शिहोशोशी करतो, व्हिसाचा अर्ज ग्योसेइशोशी, टॅक्स झेइरिशी. तिन्ही कामं मीच करतो म्हणणारा भेटला की चप्पल घालायची आणि निघायचं.

माझं ऐका. मी साताऱ्याचा, २०१७ ला ५०० मानवर हॉटेल टाकलं. लोकांना वाटतं मालक म्हणजे तवा पण आपणच धरायचा. नाही चालत. व्हिसा मॅनेजरचा आहे, तर मॅनेजरच राहायचं, पूर्णवेळ किचनमध्ये उभं राहिलात तर प्रश्न विचारतात. आचारी आणायचा तर त्याचा वेगळा कुशल कामगारांचा व्हिसा, त्याला १० वर्षांचा स्वयंपाकाचा अनुभव कागदावर सिद्ध करायला लागतो. आपल्याकडच्या धाब्यावर अनुभवाचा दाखला कोण देतो सांगा, गल्ल्यावरच्या माणसाला लेटरहेड म्हणजे काय इथपासून शिकवावं लागलं. होकेंजोचं (सरकारी आरोग्य कार्यालय) लायसन, अन्नस्वच्छतेचा एक दिवसाचा कोर्स, हे सगळं त्यामानाने सोपं.

आता आम्हा जुन्या लोकांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत आहे. तोवर रिन्यूअलला नवीन नियमात बसत नाही म्हणून लगेच नाकारणार नाहीत, धंदा कसा चाललाय ते बघून ठरवतात. पण तज्ज्ञाचा तपासलेला कागद मागू शकतात. त्यानंतर पण धंदा चांगला, टॅक्स सगळा भरलेला आणि पुढच्या रिन्यूअलपर्यंत नियमात बसाल असं दिसलं तर विचार करू म्हणतात. विचार करू म्हणजे काय ते आपल्याला साखर कारखान्यापासून माहितीय. आणि जे मला सगळ्यात लागलं ते हे, की या व्हिसावरून परमनंटचा अर्ज टाकायचा तर आता नवीन निकष पूर्ण पाहिजेत. मला १० वर्षं व्हायला थोडेच महिने राहिलेत. ९०० येनच्या लंच सेटवर २५०० मान जास्तीचे कुठून काढू? पोरगी इथल्या शाळेत चौथीत आहे, मराठी पण जपानी हेल काढून बोलते.

असो. तुम्ही या रस्त्याला लागू नका, तुमच्याकडे दुसरा आहे. ते पॉइंटवालं कोणीतरी सांगेलच.

पॉइंटवाली_मावशी:
हो सांगते, मीच ती 🙂

बाळ्या, तू प्रश्नात जे लिहिलंयस त्यातच उत्तर आहे आणि तुझं लक्षच नाही. उच्च कुशल व्यावसायिकाचा पॉइंटचा तक्ता बघ. ३० ते ३४ वयाला १०, बीईला १०, दहा वर्षं अनुभवाला २०, ८०० मानच्या वर पगार म्हणून ३०. झाले ७०. म्हणजे तू आजच त्या व्हिसाला पात्र आहेस, काही न करता!

आता यातली मेख. त्या व्हिसाचा जो 'रो' प्रकार आहे (आयटीवाले बहुतेक त्यातच येतात) त्यात नोकरी चालू ठेवून नोकरीशी संबंधित धंदा स्वतः चालवायची मुभा आहे. तुझी नोकरी सॉफ्टवेअरची, धंदा सॉफ्टवेअरचा. ३००० मानचा इथे संबंधच येत नाही. नोकरी मात्र खरी चालू पाहिजे आणि तुझ्या ऑफिसच्या नियमावलीत जोडधंदा चालतो का ते आधी एचआरला लेखी विचार, नाहीतर व्हिसा वाचेल आणि नोकरी जाईल. अजून एक, हा व्हिसा त्या कंपनीला बांधलेला असतो, नोकरी बदललीस की नुसतं कळवून भागत नाही, नव्याने परवानगी.

दुसरं, ८० पॉइंट झाले की एक वर्षात परमनंटचा अर्ज टाकता येतो. ७० वर ३ वर्षं. एन टू चे १० मिळतात. म्हणजे तुझ्यात आणि ८० मध्ये एक परीक्षा आहे, जुलै नाहीतर डिसेंबर. परमनंट मिळालं की १० मानची कंपनी काढ नाहीतर भेळेची गाडी लाव, कोणी विचारत नाही. फक्त ८० पॉइंट अर्जाच्या दिवशी आणि त्याच्या एक वर्ष आधी, दोन्ही वेळेला भरले पाहिजेत. ३५ लागलं की वयाचे १० चे ५ होतात, तेव्हा कांजीशी लग्न लावायचंय तर लवकर लाव.

बायकोच्या नावावर वगैरे करू नकोस. शेअर कोणाच्याही नावावर असू शकतात, त्यात गुन्हा नाही, पण डिपेंडंट व्हिसावरची आठवड्याला २८ तासांची परवानगी पार्टटाइम नोकरीसाठी असते, कंपनी चालवायला नव्हे. आणि प्रत्यक्षात चालवणार तूच. कागदावर एक आणि टेबलावर दुसरा, हे ऑफिसर पहिल्या भेटीत ओळखतो.

माझा नवरा याच रस्त्याने गेला. सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला माहितीय? अनुभवाच्या दाखल्याने. १० वर्षांचे २० पॉइंट हवेत तर दहाही वर्षांची पत्रं लागतात, काय काम केलं, कधीपासून कधीपर्यंत. त्याची पुण्यातली पहिली कंपनी कोणीतरी विकत घेतलेली, एचआरचा ईमेल परत यायचा. शेवटी सासरे स्वतः हिंजवडीला जाऊन रिसेप्शनवर तीन तास बसले, तेव्हा पत्र निघालं. तू आजच मेल टाक.

हिशेबनीस:
मावशींचा रस्ता बरोबर आहे, मी फक्त पैशाचं बोलतो कारण त्याकडे कोणी बघत नाही.

काबुशिकी गाइशा (शेअरवाली कंपनी) काढली तर नोंदणीचा कर किमान १५ मान, गोदो गाइशा (आपल्या एलएलपीसारखी साधी कंपनी) काढली तर किमान ६ मान. छोट्या कंपनीला गोदो पुरते, पण जुन्या वळणाची गिऱ्हाईकं (फॅक्सवाले कारखाने म्हणजे तीच) काबुशिकीला जास्त मान देतात, हे खरं आहे. भांडवल १००० मानच्या खाली ठेवा. खाली असेल तर पहिली दोन वर्षं साधारणपणे कन्झम्प्शन टॅक्स (आपल्या जीएसटीसारखा) लागत नाही, १००० किंवा वर गेलं की पहिल्या दिवसापासून लागतो. कंपनी तोट्यात असली तरी रहिवासी कर चुकत नाही, भांडवल १००० मानपर्यंत असेल तर वर्षाला कमीत कमी ७ मान, वर गेलात तर १८. म्हणजे ३००० मानवाल्यांना भांडवलाशिवाय हेही दुखणं. तुमचं गिऱ्हाईक मोठं असेल तर ते कन्झम्प्शन टॅक्सची इनव्हॉइस नोंदणी मागतील, मग ती सूट तशीही जाते, तेव्हा आधी गिऱ्हाइकाला विचारा.

बँकेचं खातं हा वेगळाच अध्याय. नवीन कंपनी, परदेशी मालक, मोठ्या बँका गोड बोलून नाही म्हणतात. वेबसाइट, करारपत्रं, ऑफिसचा भाडेकरार घेऊन जा. यूआरच्या (निमसरकारी गृहसंस्था) भाड्याच्या घराचा पत्ता देऊ नका, तिथे धंद्याला परवानगी नसते आणि निशी-कासाईत निम्मे आपले लोक यूआरमध्येच राहतात म्हणून सांगतोय.

आणि परमनंटच्या अर्जात टॅक्स, नेनकिन (पेन्शनचा हप्ता), हेल्थ इन्शुरन्स भरले का एवढंच बघत नाहीत, वेळेवर भरले का ते बघतात. कंपनी काढून स्वतःला पगार लावलात की कंपनीचा पण शाकाई होकेन (पेन्शन आणि आरोग्य विमा) सुरू, एकट्या डायरेक्टरलासुद्धा. एक हप्ता उशिरा गेला म्हणून अर्ज नाकारलेला माणूस माझ्या माहितीत आहे. म्हणून माझं मत, परमनंट होईपर्यंत कंपनीतून पगार घेऊच नका.

निशिकासाईचा_बाळ्या:
बापरे, एवढं सगळं. मनापासून आभार. मावशी, काल रात्री तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली राजीनाम्याचं पत्र डिलीट कर आधी, समोर करायला लावलं.

तीन वर्षांपूर्वीचे पॉइंट पण मोजले, तेव्हा पगार ६०० मान होता, ६० च होतात, म्हणजे ७० वाला रस्ता मागच्या तारखेने मिळत नाही. एन टू शिवाय पर्याय नाही. आणि मित्राचं राहिलं, त्याच्याकडे बीई आहे.

ओसाकाकर:
मित्राचं सोपं आहे पण लगेच नाही. तुमची कंपनी उभी राहिली की तीच त्याच्यासाठी सीओई चा (व्हिसाआधी इमिग्रेशनकडून मिळणारं पात्रता प्रमाणपत्र) अर्ज करेल, इंजिनिअर व्हिसासाठी. डिग्री आहे, काम डिग्रीला धरून आहे, पगार त्याच कामाच्या जपानी माणसाएवढा, एवढं जुळलं पाहिजे. नवीन कंपनी म्हणजे इमिग्रेशनच्या यादीत चौथ्या, शेवटच्या वर्गात, म्हणजे कागद सगळ्यात जास्त, प्लॅन, ऑफिसचे फोटो, करार. गिऱ्हाइकाशी लेखी करार हातात असल्याशिवाय टाकू नका, "तोंडी हो म्हणालेत" ला काही किंमत नाही. तोवर त्याने पुण्यातून काम करावं, तिथलं बिल तिथून करावं. आणि त्यालाही जपानीच्या क्लासला घाला, पुण्यात क्लासला तोटा नाही, परीक्षेचं सेंटरही तिथेच आहे.

करीवाला_चिबा:
बाळ्या, फॉर्म भरताना एन टू च भर बरं का, भीती वाटून परत एन थ्री नको. आणि चिबाकडे आलास तर जेवायला ये, मिसळ मेनूवर नाही, पण रविवारी करतो.

निशिकासाईचा_बाळ्या:
येतो दादा, बायकोला घेऊन. एचआरला जोडधंद्याचं मेल टाकलंय, पुण्यातल्या जुन्या कंपनीला पण टाकलं. तिथून दहा मिनिटांत उत्तर आलं, "धिस मेलबॉक्स इज नॉट मॉनिटर्ड". बाबांना फोन लावतोय.