रेरा आहे म्हणून नव्या प्रकल्पातच घर घ्यावे काय?

कोथरूडकर:
‘पुण्यात पुनर्विक्रीच्या सदनिकेकडे ढुंकूनही पाहू नका, रेरा आल्यापासून नव्या बांधकामात ग्राहकाला धोका उरलेला नाही,’ असे ‘नवागत’ यांनी काल लिहिले. या सल्ल्यावर विसंबून कोणी आयुष्यभराची पुंजी गुंतवेल, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू आहे आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम बिल्डरला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु रेराचा नोंदणी क्रमांक म्हणजे इमारत वेळेत उभी राहण्याची हमी नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीने हिंजवडीजवळ घर नोंदवले, ताबा रखडला, तिने तक्रार केली आणि व्याजासह परताव्याचा आदेश तिच्या बाजूने झाला. तरीही बिल्डरने पैसे दिलेले नाहीत. आता ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हायची आहे आणि तोवर घरभाडे व कर्जाचा हप्ता ती दोन्ही भरते आहे. जुनी इमारत निदान भर पावसाळ्यात जाऊन पाहता येते. ओल कोणत्या भिंतीला आहे, शेजार कसा आहे, हे कळते. शिवाय 80 लाखांच्या बांधकामाधीन घरावर 5 टक्क्यांनी 4 लाख रुपये जीएसटी भरावा लागतो, तो वाचतो.

नवागत:
आपल्या बहिणीवर अन्याय झाला हे खरे. पण पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या नव्या घरावरही जीएसटी लागत नाही, हे आपण वगळलेत. मी पुनर्विक्रीची घरे पाहूनच या मताला आलो आहे. कर्वेनगरातील एका इमारतीत गृहनिर्माण संस्था कधीच स्थापन झाली होती, तरी जमीन मूळ मालकाच्याच नावावर होती. दुसऱ्या ठिकाणी विक्रेत्याला किमतीचा मोठा भाग रोखीने हवा होता आणि घर तिसऱ्या मजल्यावर असूनही लिफ्ट नव्हती. गुडघे दुखणाऱ्या आईला मी तिथे कसे नेणार? नव्या घरात ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष आढळला, तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. जुन्या घराचा विक्रेता अशी कोणती जबाबदारी घेतो?

वाघोलीकर:
आपण दोघे कागदपत्रांवर वाद घालत आहात आणि पाण्याचा उल्लेखही कोणी केलेला नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, आमचे वाघोलीही आले. नळाचे पुरेसे पाणी मात्र आमच्या सोसायटीला आजही मिळत नाही. महापालिकेची जलवाहिनी येईपर्यंत पाणी पुरवण्याचे हमीपत्र बिल्डर देतो, परंतु संस्था स्थापन झाली की टँकरचे बिल सभासदांच्या माथी येते. एप्रिल-मे महिन्यांत आमचा देखभाल खर्च इतका वाढतो की, सभेत वृद्ध सभासदांना रडताना मी पाहिले आहे. माहितीपत्रकात जलतरण तलावाचे चित्र होते. तो तलाव आम्ही कोरडाच ठेवला आहे.

नवागत:
पाणीकपात मध्यवर्ती पुण्यातही होते. घर घेण्यापूर्वी शेजारच्या सोसायटीत जाऊन चौकशी करणे हे ग्राहकाचे काम आहे.

वाघोलीकर:
हे वाक्य आपण टँकरची वाट पाहत रात्री जागून लिहिले असते, तर मी ऐकून घेतले असते. आम्ही चौकशी केली होती आणि ‘लवकरच नळजोड मिळेल’ हेच उत्तर सर्वांनी दिले. शहरातले घर आम्हाला परवडत नव्हते. दोष परवडण्याचा आहे, चौकशीचा नाही. दिवसाआड पाणी येणे आणि पाणीच विकत घ्यावे लागणे यांना आपण एका मापाने मोजता, याचा मला संताप येतो.

कोथरूडकर:
‘वाघोलीकर’ यांच्याशी मी सहमत आहे आणि म्हणूनच नळजोड असलेले जुने घर मला सरस वाटते. अभिहस्तांतरणाबाबत, म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करून देण्याबाबत, मात्र ‘नवागत’ यांचे म्हणणे, इच्छा नसतानाही, मान्य करावे लागते. जमीन संस्थेच्या नावावर नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी सभासदांचे हात बांधलेले राहतात. त्यावर उपाय मात्र आहे: 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्रातील सदनिका मालकीविषयक कायद्याच्या कलम 11 नुसार संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर वा मालकाने करून दिले नाही तरी आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणासाठी, अर्ज करू शकते. आमच्या संस्थेने तो केला, आदेश मिळवला आणि सात-बारावर नाव लावून घेतले. हे काम करण्यास तयार नसलेल्या संस्थेत मीही घर घेणार नाही.

नवागत:
‘धोका उरलेला नाही’ हे माझे विधान मी मागे घेतो. ‘धोका कमी झाला आहे’ असे वाचावे, त्याहून अधिक माघार घेणार नाही. लिफ्ट नसलेल्या घराला आपल्याकडे अजूनही उत्तर नाही.

वाघोलीकर:
आणि पाण्याला आपल्याकडे नाही. पुढच्या घराचा करारनामा वाचताना संस्था स्थापन झाल्यानंतर टँकरचा खर्च कोण करणार, हे कलम आधी शोधा आणि ते नसेल, तर लेखी मागा. आमच्या करारनाम्यात ते नव्हते.